ग्रामसभेपुढे मुक्त परवान्याचा अर्ज

आलापल्लीच्या लाकूड-आगारातून सागवानाचा एक ओंडका बाहेर काढावयाचा झाला, तर त्यावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप पडावा लागतो, आगाराच्या वहीत त्याची लांबी आणि गोलाई चढावी लागते, आणि वाटेतल्या नाक्यावर दाखविण्याकरिता वाहतुकीचा परवाना गाडीबरोबर ठेवावा लागतो. मग ते लाकूड बल्लारपूरच्या बाजारात जावो की अयोध्येच्या मंदिराला, ते कोणत्या रानातून, कोणत्या तारखेस आणि कोणाच्या हुकमाने निघाले हे मागाहून दप्तरातून काढून दाखविता येते. परंतु याच आलापल्लीहून एटापल्लीकडे आणि भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आजूबाजूस वसलेल्या माडिया व गोंड गावांतून अभ्यासकांच्या वह्यांत, संस्थांच्या ध्वनिफितींत आणि अलीकडे पाहुण्यांच्या मोबाईलात भरून जी गाणी, ज्या वंशकथा आणि जे झाडपाल्याचे ज्ञान बाहेर गेले, त्याची साधी पोचही बहुतेक गावांच्या हाती नाही. या ठेव्यातला काही भाग सर्वांना मोकळेपणी वाचता, ऐकता, वापरता यावा, म्हणजेच तो मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध व्हावा, असे ज्यांना मनापासून वाटते, त्या शिक्षकांसाठी, गोंडवाना विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी, संस्थांच्या कार्यकर्त्यांसाठी, विकिपीडियावर हौसेने लिहिणाऱ्यांसाठी आणि विशेषतः त्याच गावांतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांसाठी हा लेख आहे.

अशा मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, गावाचे मन कसे वळवावे. माझ्या मते प्रश्नाची ही मांडणीच निम्म्या कामाचा घात करते. मन वळविण्याच्या तयारीने गेलेला माणूस नकाराला अडचण समजतो, आणि समोरचा उत्तर ठरवूनच आला आहे हे ओळखायला गावकऱ्याला फारसा वेळ लागत नाही. मग तो पाहुणचार करतो, मान डोलावतो, आणि जे खरोखर मोलाचे आहे ते सांगतच नाही. मुक्त परवाना एकदा दिला म्हणजे परत घेता येत नाही, आणि ज्या निर्णयाला परतीची वाट नाही, त्यात नाही म्हणणे हे हो म्हणण्याइतकेच सोपे असले पाहिजे. ते तसे सोपे करून ठेवणे हे आपले मुख्य काम होय. ते नीट केले तर संमती पुष्कळदा आपणहून चालत येते.

गावे बिचकतात ती का, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. मध्यप्रांताच्या बंदोबस्तात गावोगावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात उतरविल्या गेल्या. पुढे १९५० च्या मालकीहक्क निर्मूलनाच्या कायद्यानंतर सरपण, बांबू, गवत यांवरील हक्कांची निस्तार पत्रके झाली. कागद झाला हे एका परीने बरेच झाले, कारण पुढे हक्क शाबीत करताना त्याचाच आधार मिळाला. तथापि जी वहिवाट लिहिणाऱ्या कारकुनाला उमगली नाही किंवा त्याच्या रकान्यांत बसली नाही ती कागदाबाहेर राहिली, आणि जी कागदाबाहेर राहिली तिला कालांतराने गुन्ह्याचे स्वरूप आले. आजोबाने अंगठा उठवावा आणि नातवाला दंड व्हावा, अशी आठवण ज्या मुलखाला आहे, तेथे आपला संमतिपत्राचा छापील नमुना कितीही सद्भावनेने पुढे केला, तरी त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणारच.

दुसरी जखम अधिक नाजूक आहे. व्हेरिअर एल्विन यांचा बस्तरच्या मुरियांवरील आणि त्यांच्या घोटुलावरील ग्रंथ १९४७ साली निघाला. ग्रंथकाराची सहानुभूती वादातीत आहे; परंतु त्यातील तरुण-तरुणींच्या सहवासाच्या वर्णनाने शहरी वाचकाचे जे कुतूहल चाळवले ते अद्याप निवाले नाही, आणि माडियांच्या ज्या गोटुलात गावाची बैठक बसते व पाहुणा मुक्काम करतो, त्याच्याकडेही बाहेरचा माणूस त्याच नजरेने पाहू लागला. ‘आमच्याविषयी लिहिले गेले’ याचा अर्थ अनेक जाणत्यांच्या मनात ‘आमची चेष्टा झाली’ असा झालेला आहे, आणि त्यांचे तसे वाटणे अगदीच निराधार आहे असे कोण म्हणेल?

यातून पहिली व्यावहारिक सूचना निघते. पहिल्या खेपेस गावात काही मागायला जाऊ नये. काही घेऊन जावे. शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यात क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात राजगोंडांची छायाचित्रे आणि चित्रफिती घेतल्या; तो संग्रह आज लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत जपून ठेवलेला आहे. त्याच मुलखात हैदराबाद संस्थानच्या सेवेत असलेल्या सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले, ही मराठी वाचकाला अभिमानाची गोष्ट. पण ते व्याकरण आज गोंडी बोलणाऱ्या किती घरांत असेल? जुनी छायाचित्रे, गॅझेटियरातली पाने, विद्यापीठांच्या कपाटांतले प्रबंध, आकाशवाणीची ध्वनिमुद्रणे यांपैकी त्या परिसराविषयीचे जे हाती लागेल ते गोळा करून, त्याच्या नकला गोटुलात मांडाव्यात आणि म्हाताऱ्या माणसांना बोलू द्यावे. कोणाचा चेहरा ओळखला जाईल, कोणते नाव चुकीचे छापले गेले हे कोणी सांगेल, कोणती कथा अर्धवट उतरली आहे म्हणून कोणी रागावेल. कपाटात अडकलेले साहित्य ज्याचे त्याला परत मिळत नाही, ही गोष्ट अशा वेळी व्याख्यानाशिवाय कळते, आणि मुक्त परवान्याची बाजू मांडायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही.

आता, विचारायचे कोणाला? येथे नवख्याची हमखास चूक होते; तो ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन सरपंचांची सही आणि ग्रामसेवकाचा शिक्का घेतो आणि संमती मिळाली असे समजतो. अहेरी, एटापल्ली, भामरागड हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात, आणि तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्याच्या चौथ्या कलमाने लोकांच्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याची पात्रता ग्रामसभेला दिली आहे, आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी एखाद्या पाड्याला वा टोल्यालाही स्वतःची ग्रामसभा करून घेण्याचा मार्ग ठेवला आहे. २००६ चा वनहक्क कायदा याही पुढे जातो: त्याच्या तिसऱ्या कलमातील ‘ट’ खंडात, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘के’ खंडात, जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केलेला आहे. तात्पर्य, अर्ज ग्रामसभेपुढेच ठेवावयाचा. आणि ग्रामसभेआधी गायता, पेरमा अशा परंपरागत जाणत्यांना आणि गाणाऱ्या बायकांना वेगवेगळे भेटावयाचे, कारण भर सभेत बायका गप्प बसल्या म्हणजे त्यांची संमती आहे असे मानण्याची आपली सवय शहरातलीच आहे असे नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाचे उदाहरण येथे अभ्यासण्याजोगे आहे. २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळविणारे हे गाव देशभर गाजले ते त्या हक्कामुळे. परंतु आपल्या कामाच्या दृष्टीने त्याची निर्णयाची रीत अधिक मोलाची आहे. तेथे मतदानाने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. आणि सभेच्या आधी अभ्यास गट बसतो, ज्यात गावकरी आणि बाहेरचे जाणकार मिळून विषय समजून घेतात, पण ठराव मात्र करीत नाहीत. समजून घेण्याची बैठक निराळी आणि ठरविण्याची बैठक निराळी, ही विभागणी आपण जशीच्या तशी उचलावी. अभ्यास गटात तुम्ही हवे तितके बोला. ठरावाच्या दिवशी शक्यतो बाहेर आंब्याखाली बसा.

अभ्यास गटात काय सांगावे? प्रथम हे सांगावे की, आज कायद्याने कोणाचे काय आहे. पिढ्यानुपिढ्या चालत आलेल्या गाण्यावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कोणा एकाची मालकी नसते. परंतु त्या गाण्याचे जो ध्वनिमुद्रण करतो त्याला त्या ध्वनिमुद्रणावर ६० वर्षांचा हक्क मिळतो. म्हणजे भामरागडच्या एखाद्या टोल्यातील बायकांनी रात्रभर गायिलेले रेला गाणे ज्याच्या यंत्रात शिरले त्याची त्यावर मालकी, आणि गाणारीला मात्र, तिने ते मागून घेतले नाही तर, नक्कलसुद्धा मिळायची नाही! तिची बाजू सावरायला कायद्यात एक तरतूद आहे खरी. कलावंताचा सादरीकरणावरील हक्क म्हणून ती ओळखली जाते, तो हक्क ५० वर्षे टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून आपले नाव लावले जाण्याचा हक्कही कलावंताला स्पष्टपणे मिळाला आहे. ही माहिती गावाला कोणी दिलेली नसते. ती दिल्यावर पुष्कळ ठिकाणी प्रश्नाचे स्वरूपच पालटते. गावाची पहिली मागणी ‘आमचे आम्हाला द्या’ अशी येते, आणि ती पुरी केल्याशिवाय दुसऱ्याला द्यावयाच्या गोष्टी बोलू नयेत.

मग परवाना समजवावा, आणि तो गोंडीतून समजवावा, माडियाच बोलणाऱ्या गावात माडियातून. मराठीतून सांगितलेले कळले असे सारेच म्हणतात. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ च्या अखेरीस प्रथम निघाले, आणि त्यांत चार गोष्टींची निरनिराळी जुळणी आहे: नाव द्या, त्यावरून नवे केले तर तेही तसेच मोकळे ठेवा, धंद्यासाठी वापरू नका, बदल करू नका. बहुतेक गावांचा पहिला कौल तिसऱ्या अटीकडे असतो, आणि तो स्वाभाविक आहे. आमच्या गाण्यावर दुसऱ्याने पैसा का करावा? येथे विकिपीडियावाले कार्यकर्ते अधीर होतात, कारण धंद्याला मज्जाव करणारे साहित्य तेथे चालत नाही. मला ही अधीरता पटत नाही. जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण पाहावे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी मावळापासून मराठवाड्यापर्यंतच्या हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि २०१७ पासून पारी या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या गाणारीच्या नावासह, गावासह, आवाजासह प्रसिद्ध केल्या. पारीचा परवाना धंद्याला आणि बदलाला मज्जाव करणारा आहे; त्यामुळे त्या ओव्या कोणी ऐकल्या नाहीत, शिकविल्या नाहीत, असे काही झालेले नाही. उलट गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये धंद्यालाही मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली खुले केले, आणि तेही योग्यच झाले. परंतु तेथे मालक एक संस्था होती, सही करणारा हात एक होता, आणि साहित्य विद्वानांनी लिहिलेले होते. लोकगीताला कोशाचा नियम लावण्याचे कारण नाही.

माझा सल्ला असा की, सगळ्या साहित्याला एकच परवाना लावण्याचा हट्ट सोडावा. शब्दसंग्रह, झाडांची, नद्यांची, पक्ष्यांची, गावांची गोंडी नावे, बाजाराची आणि शेतीची छायाचित्रे, मुलांना सांगावयाच्या कोल्ह्या-वाघाच्या गोष्टी यांना पूर्ण मोकळीक मिळाली तर भाषेचेच कल्याण आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ तीस लाख भरले, म्हणजे कित्येक अनुसूचीबद्ध भाषांहून अधिक. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिच्यासाठी मसराम व गुंजाला अशा दोन लिप्या युनिकोडात येऊनही त्यांत वाचण्याजोगे साहित्य फारच थोडे आहे. मोकळे शब्द आणि मोकळी वाक्ये नसतील तर शाळेचे पुस्तक, मोबाईलचा कळफलक, दवाखान्यातली सूचना, यांतले काहीच त्या भाषेत सहजी होत नाही. लग्नाची, कामाची, नाचाची गाणी यांना धंद्याचा मज्जाव असलेला परवाना लावावा. आणि हे करताना एक गोष्ट लपवू नये: जे पूर्ण मोकळे केले ते मोठ्या कंपन्यांची भाषा शिकणारी यंत्रेही गिळतील, त्यातून पैसा करतील, आणि गावाला त्याची बातमीही लागणार नाही. एवढे ऐकूनही गाव हो म्हणाले तर ते हो खरे.

तिसरा वर्ग मात्र असा आहे की, त्याला परवान्याची गरजच नाही, कारण तो बाहेर न्यावयाचाच नाही. पेनाच्या, म्हणजे देवाच्या, कामी म्हटली जाणारी गाणी, एका कुळाने दुसऱ्यापुढे उच्चारू नयेत अशा वंशकथा, मृतांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांच्या नेमक्या जागा, अमुक एका पंडुमाच्या, म्हणजे सणाच्या, आधी तोंडातून काढावयाची नाही अशी कथा, यांविषयी गावाने ‘हे नको’ म्हटल्यावर कारण विचारू नये. लोकल कॉन्टेक्स्ट्स नावाच्या उपक्रमाने २०१० पासून अशा साहित्यासाठी खुणेच्या चिठ्ठ्या तयार केल्या आहेत: हे फक्त अमुक ऋतूत ऐकावे, हे स्त्रियांपुरतेच आहे, हे पवित्र आहे. त्यांना कायद्याचे बळ नाही, पण संग्रहात अशी खूण असली तर निदान अजाणतेपणी अपराध होत नाही. ऑस्ट्रेलियातील संग्रहालयांत, या ध्वनिमुद्रणात मृत व्यक्तीचा आवाज आहे, अशी सूचना आधी दिलेली असते. आपल्याकडेही गाणारी वारल्यानंतर तिचा आवाज लावावा की नाही हे तिच्या हयातीतच तिला विचारून लिहून ठेवण्यास कोणाची हरकत असणार?

झाडपाल्याच्या औषधांचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण तेथे दोन खऱ्या भीतींची टक्कर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर एकस्व दिले गेले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. ते शक्य झाले ते हळदीचा हा उपयोग जुन्या ग्रंथांत आणि नियतकालिकांत छापून आलेला होता म्हणून. लिहिलेले आणि प्रसिद्ध झालेले ज्ञान चोरावयास कठीण, हा त्यातला धडा, आणि त्याच अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा अंकीय कोश सुरू झाला. परंतु त्या कोशाचा आधार आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांचे ग्रंथ हा आहे. माडिया वैदूच्या तोंडी असलेल्या ज्ञानाला तेथे जागा मिळत नाही. म्हणून ते लिहून मोकळे करावे, असे कोणी म्हणेल. तर दुसऱ्या बाजूला केरळातील काणी जमातीचा अनुभव आहे. त्यांनी दाखविलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून संशोधन संस्थेने औषध केले, कंपनीला परवाना दिला, आणि त्या रकमेचा निम्मा वाटा काणींच्या न्यासाला मिळाला. देशात असे प्रथमच घडले म्हणून त्याची वाहवा झाली, पण हे गुपित सांगण्याचा अधिकार ज्यांनी सांगितले त्यांना होता काय, हा वाद त्याच जमातीत उभा राहिला. ज्ञान आधीच मोकळे केले असते तर वाटा मागावयास जागाच उरली नसती, हेही ध्यानात घ्यावे. माझे मत स्पष्ट आहे: औषधी ज्ञान मुक्त परवान्याखाली घालू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्याने स्थापावयाची जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि तिची लोकजैवविविधता नोंदवही ही त्याची जागा आहे, तिथे नोंद तारखेनिशी राहते आणि व्यापारी वापरासाठी शुल्क आकारण्याचा अधिकारही समितीला आहे. आलापल्लीच्या जंगलातील सहा हेक्टर वनवैभवाला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा याच कायद्याखाली मिळाला, तेव्हा या परिसरात तो कायदा सांगायला उदाहरण शोधीत फिरावे लागत नाही.

आता ठरावाचा मसुदा. शहरातून आणलेले चार पानी संमतिपत्र बाजूस ठेवावे आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात बसेल असा एकच परिच्छेद लिहावा. उदाहरणार्थ: ‘आमच्या गावातील लग्नाच्या गाण्यांपैकी सोबतच्या यादीत नमूद केलेल्या गाण्यांचे, गाणाऱ्यांच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण, गाणाऱ्यांचे व गावाचे नाव प्रत्येक ठिकाणी देण्याच्या आणि त्यावर व्यापार न करण्याच्या अटीवर, कोणासही ऐकण्यास, नक्कल करण्यास व शिकविण्यास खुले करण्यात येत आहे, यादीबाहेरील कोणतेही गाणे, तसेच पेनाच्या कामी म्हटले जाणारे कोणतेही गाणे, या ठरावाने खुले झाले असे समजू नये, मूळ ध्वनिमुद्रणाची एक नक्कल गावाच्या ताब्यात राहील.’ यात महत्त्वाचे शब्द ‘यादीत नमूद केलेल्या’ हे आहेत. ‘आमची सर्व संस्कृती’ असा ठराव कोणी उत्साहाने मांडला तर तो मागे घ्यायला लावावा. ठराव वाचून दाखवावा, त्याचा गोंडीतला अर्थ सांगताना ध्वनिमुद्रण करावे, आणि तेही दप्तरी ठेवावे. अंगठ्यापेक्षा माणसाच्या स्वतःच्या तोंडचे शब्द अधिक खरे. याशिवाय प्रत्येक गाणारीची वेगळी तोंडी संमती गाण्याच्या आधी घ्यावयाची, कारण कायद्यातला सादरीकरणाचा हक्क तिचा आहे, ग्रामसभेचा नव्हे. रेला गाण्यात एकीने ओळ धरावी आणि बाकीच्यांनी ती उचलावी अशी रीत असते. तेव्हा नाव ओळ धरणारीचे एकटीचे लिहू नये, रांगेतल्या सगळ्यांची लिहावीत, आणि कोणाला आपले नाव नको असेल तर तिच्यापुरती फक्त गावाची नोंद करावी.

नाव नको असण्याची कारणे येथे काल्पनिक नाहीत. बंदुकीच्या दोन बाजूंमध्ये ज्या मुलखाची कित्येक दशके गेली, तेथे बाहेरच्या माणसाच्या कॅमेऱ्यापुढे कोण बसले होते याची चौकशी कोणीही, कधीही करू शकते. म्हणून चेहऱ्याचे छायाचित्र ही निराळी परवानगी समजावी. मोबाईलने काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात बहुधा त्या जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात, ते प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावेत. देवाच्या जागा, जुन्या शिळा, मधाच्या पोळ्यांचे कडे यांचा नेमका पत्ता नकाशावर जाणे म्हणजे चोराला वाट दाखविणे आहे. मुलांचे आवाज आणि चेहरे आईबापांच्या संमतीवाचून घेऊच नयेत, आणि आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांची परवानगी ही आईबापांची परवानगी नव्हे.

वेळही निवडावी लागते. मार्च-एप्रिलात मोहफुले वेचणे चालते, लगेच मे महिन्याच्या तोंडाशी तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, आणि वर्षाच्या रोख कमाईचा मोठा भाग त्या थोड्या दिवसांत पदरात पाडावयाचा असतो. त्या वेळी परवान्याच्या गोष्टी घेऊन जाणारा पाहुणा कोणालाच नको असतो. पावसात कित्येक नाल्यांवरून पलीकडे जाताच येत नाही. पीक घरात आल्यावर, हिवाळ्यात, बैठका आणि लग्ने यांची रेलचेल असते तेव्हा जावे. दिवसभर गाणाऱ्या बायकांची मजुरी बुडते ती भरून द्यावी. ती संमतीची किंमत म्हणून नव्हे, आणि ठरावाच्या आधी तर मुळीच नव्हे, पण काम केले त्याचे दाम म्हणून, सर्वांना सारखे, ग्रामसभेच्या समक्ष. फुकट गाऊन घेतलेले साहित्य जगाला फुकट वाटण्यात औदार्य गाणारीचे आहे, वाटणाऱ्याचे नाही.

परतीचे काम राहून जाते, आणि तेच राहून जाऊ नये. भामरागडकडच्या अनेक टोल्यांत मोबाईलला रेंज धरत नाही. संकेतस्थळावर सगळे आहे असे सांगून तिथे काही उपयोग नाही. ध्वनिमुद्रणे स्मृतिपत्रिकेत, म्हणजे ज्याला सर्वजण मेमरी कार्ड म्हणतात त्यात, भरून गाणाऱ्या प्रत्येक घरी द्यावीत, एक संच गोटुलात आणि एक शाळेत ठेवावा, आणि गाण्यांची वही गोंडी उच्चाराबरहुकूम देवनागरीत छापून मुलांच्या हाती द्यावी. संग्रह कोणत्या संस्थेत ठेवला, तेथे कोणाला भेटावयाचे, नाव चुकले तर दुरुस्ती कशी करून घ्यावयाची, हे एका कागदावर लिहून इतिवृत्ताला जोडावे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जावे आणि कोणी कोठे काय वापरले ते सांगावे. परदेशातल्या एखाद्या विद्यार्थ्याने ते गाणे ऐकले ही बातमीही गावात चवीने ऐकली जाते, आणि दुसऱ्या यादीची गोष्ट बहुधा त्याच बैठकीत, गावाकडूनच निघते.

आणि गावाने नाही म्हटले तर? तो ठरावही इतिवृत्तात तारखेनिशी लिहून घ्यावा आणि त्याची नक्कल आपल्या फायलीत ठेवावी, म्हणजे आपल्या मागून येणाऱ्या संस्थेला, विद्यापीठाला किंवा खात्याला ती दाखविता येईल. नकाराची मुदत गावाला विचारावी. कायमचा आहे की या जाणत्यांच्या हयातीपुरता आहे, की शेजारच्या इलाक्यातील गावांशी बोलणे होईपर्यंतचा आहे. एकाच कुळाची कथा चार गावांत सांगितली जात असेल तर एका गावाचा होकारही पुरेसा नसतो, हे पुष्कळदा अशा नकारातूनच आपल्याला प्रथम समजते, आणि मग पत्र्याच्या पेटीत यंत्र बंद करून शेजारच्या गावच्या बाजाराच्या दिवसाची चौकशी करावी.